जुन्या गाडीचा एसी: दरवर्षी गॅस भरून दमला असाल तर आधी हे वाचा

माझी गाडी ऑल्टो एलएक्सआय, २००८ ची, तीच ७९६ सीसीची तीन सिलिंडरवाली. लागोपाठ तीन उन्हाळे माझं एकच काम चालू होतं. मार्च संपत आला की एसीवाल्याकडे जायचं, तो म्हणणार "गॅस कमी झालाय साहेब", मी म्हणणार भरून टाका, पंधराशे-सोळाशे द्यायचे, आणि गणपतीपर्यंत परत गरम वारा. चौथ्या वर्षी मे महिन्यात साताऱ्याला निघालो, खंबाटकी चढेपर्यंत मागच्या सीटवर आई पदराने वारा घेत बसलेली. परत आल्यावर दुसऱ्या एका गॅरेजात दाखवली तर त्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला, साडेतेरा हजार.

कंप्रेसर गेलेला नव्हता. तो अजून तोच आहे. पण हे कळायला मला दीड महिना लागला आणि मधे बरीच ठेच खाल्ली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी मेकॅनिक नाही, ऑफिसात बसणारा माणूस आहे, हातात पाना धरता येतो एवढंच. खोलणं-जोडणं मी आणि माझ्या मित्राने घरच्या पार्किंगमध्ये केलं, गॅसचं काम एसीवाल्याकडून करून घेतलं. नवख्या माणसाने अशीच वाटणी करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच तो गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी पाईपातून आणि कंप्रेसरच्या सीलमधून अगदी किंचित झिरपतो, त्यामुळे जुन्या गाडीला चार-पाच वर्षांनी थोडा भरावा लागला तर समजू शकतो. पण दरवर्षी लागत असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणारा माणूस फुटक्या माठात पाणी ओततोय, तेही तुमच्या पैशाने.

१. आधी गाडीचा हिशोब करा

१५ वर्षं झाली की आरसी रिन्यू करावी लागते, ती ५ वर्षांसाठी होते, ग्रीन टॅक्स वेगळा. माझी रिन्यू करून झाली होती, म्हणजे अजून काही वर्षं गाडी वापरायची हे ठरलेलं. तुमचं ठरलं नसेल, इंजिन ऑइल पित असेल, पत्रा सडला असेल, तर एसीवर दहा हजार घालू नका. आणि रेडिएटर गळत असेल किंवा गाडी तापत असेल तर आधी ते बघा, कारण एसी लावला की इंजिनवर बोजा वाढतो आणि कंडेन्सरची (रेडिएटरसमोरची जाळी, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी) सगळी उष्णता रेडिएटरच्या तोंडावरच जाते.

२. रोग ओळखा, औषध नंतर

एसी गार करत नाही म्हणजे गॅसच कमी असं काही नाही. खालच्या गोष्टी फुकटात बघता येतात.

हायवेला गार, सिग्नलला गरम: कंडेन्सरचा पंखा फिरत नाहीये, किंवा कंडेन्सर चिखल-किड्यांनी बुजलाय. एसी लावून बॉनेट उघडा आणि पंखा बघा. पंख्याची मोटर किंवा रिले (विजेचा स्विच) गेलेली असते, आणि लोक गॅस भरून घेतात.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो: स्पीड कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय. दोन-चारशेची वस्तू, विषय संपला.

पहिला अर्धा तास मस्त, मग हवाच कमी यायला लागते: कूलिंग कॉइलवर (डॅशबोर्डच्या आतली, हवा गार करणारी जाळी) बर्फ जमतोय. कॉइलच्या पापुद्र्यांत खोचलेला सेन्सर बघा, आणि कॉइलवर धूळ साचलीय का तेही.

मधेच गरम, दहा मिनिटं बंद ठेवून परत लावला की गार: सिस्टीममध्ये पाणी शिरलंय आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) बारीक तोंडावर त्याचा बर्फ होतोय. ड्रायर (गॅसमधलं पाणी शोषणारा डबा) मेलेला असतो.

कंप्रेसर टक-टक करत सारखा लागतो-सुटतो: इथे मात्र गॅस कमी असण्याची शक्यता जास्त.

कंप्रेसर लागतच नाही: फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, मॅग्नेटची कॉइल, मग मॅग्नेटचा गॅप. याच क्रमाने. माझी गाडी इथे अडकली होती आणि साडेतेरा हजार इथेच वाचले, म्हणून जरा थांबून सांगतो.

कंप्रेसरच्या तोंडाशी पुली असते, ती इंजिन चालू असताना कायम फिरते. तिच्यापुढे एक चकती असते. एसी लावला की मॅग्नेट त्या चकतीला ओढून पुलीला चिकटवतो, आणि मग कंप्रेसर फिरतो. वर्षानुवर्षं घासून चकती आणि पुलीमधली फट वाढत जाते. थंड असताना मॅग्नेट कसाबसा ओढतो, पण बॉनेटखाली सगळं तापलं की मॅग्नेटची ताकद कमी होते आणि चकती जागेवरच राहते. माझ्या गाडीत अगदी हेच, सकाळी एसी चालायचा आणि दुपारी वीस मिनिटांनी बंद. आधी मल्टिमीटर लावला, मॅग्नेटला १२ व्होल्ट नीट पोचत होते, कॉइलचा रेझिस्टन्स चारच्या आसपास ओम, म्हणजे कॉइल ठीक. मग इंजिन बंद करून फीलर गेजची पट्टी फटीत सरकवली. साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर पाहिजे, माझ्यात ०.९ ची पट्टी आरामात फिरत होती. मधला बोल्ट काढला, चकती बाहेर घेतली, तिच्या आत कागदासारख्या पातळ वॉशर असतात, शिम म्हणतात त्यांना, त्यातली एक काढून परत बसवलं. गॅप आला ०.४५ आणि चकती खट्‌कन चिकटली. खर्च म्हणाल तर दीडशेचं फीलर गेज. गॅस उघडायची गरज नाही, पाईप सोडायची गरज नाही.

पण एक, चकती-पुली निळी-काळी पडलेली असेल किंवा एसी बंद असतानाही पुलीतून घरघर येत असेल तर बेअरिंग गेलंय, तिथे शिम काढून भागत नाही. आणि हे सगळं इंजिन बंद असताना. चालू बेल्टजवळ बोटं घालणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही.

३. लीक शोधा

मॅग्नेट झाला, कंप्रेसर फिरायला लागला, तरी दरवर्षी गॅस जात होता हे खरंच होतं. गॅसबरोबर कंप्रेसरचं ऑइलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस जातो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. बॅटरी घेऊन (सेलची हो, गाडीची नाही) प्रत्येक जॉइंट, कंडेन्सरचे कोपरे, कंप्रेसरच्या पुलीमागची बाजू बघा. माझ्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात दगड लागून असाच डाग होता.

मग गॅस काढून झाल्यावर एसीवाल्याकडून नायट्रोजन मारून घ्या, साधारण १५० पीएसआय, आणि जॉइंटना शांपूचं पाणी लावा. बुडबुडे आले की सापडलं. नायट्रोजन रेग्युलेटर लावूनच. कोणी वेल्डिंगचा ऑक्सिजन मारायला निघाला तर गाडी घेऊन तिथून निघा, तेल आणि ऑक्सिजन एकत्र म्हणजे स्फोट. पंक्चरवाल्याची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

कॉइलचा लीक डॅशबोर्डच्या आत असल्यामुळे दिसत नाही. त्यासाठी गॅसबरोबर रंग भरतात आणि नंतर निळ्या दिव्याखाली बघतात, हिरवट-पिवळं चमकतं. पाणी बाहेर पडायच्या नळीच्या तोंडाशी दिवा मारून बघा, तिथे रंग दिसला की कॉइल गेली. माझी दोन्हीकडे बोंब होती, कंडेन्सर पण आणि कॉइल पण. म्हणजे तीन वर्षं ज्याने गॅस भरला त्याने एकदाही खाली वाकून बघितलं नव्हतं.

४. काय बदलायचं आणि सामान कुठून

हा माझा हिशोब. दुकान आणि कंपनी बदलली की आकडे बदलतील, अंदाज यावा म्हणून देतोय.

कंडेन्सर ३,२००
कूलिंग कॉइल २,४००
एक्स्पान्शन व्हॉल्व्ह ७५०
ड्रायर ६५०
ओ-रिंगचं (जॉइंटच्या रबरी कड्या) पाकीट १५०
कंप्रेसर ऑइल ४५०
नायट्रोजन, व्हॅक्यूम आणि गॅस मिळून २,२००

एकूण ९,८००. कंप्रेसर एकटा साडेतेराला सांगितला होता आणि तो टाकून लीक तसाच राहिला असता, हे लक्षात घ्या.

यात ड्रायर आणि ओ-रिंग यांच्यावर कंजूषी करायची नाही. ड्रायरच्या पोटात पाणी शोषणारे दाणे असतात. सिस्टीम उघडली की हवेतली वाफ ते ओढून घेतात आणि भरून जातात. मग पाणी गॅस-ऑइलबरोबर राहून आम्ल तयार करतं आणि ॲल्युमिनियम आतून खातं. म्हणून सिस्टीम उघडली की ड्रायर नवा, यावर वाद नाही. ड्रायरची बुचं मात्र अगदी शेवटी उघडायची. दुकानदाराने बुच काढून "बघा ओरिजिनल" म्हणून दाखवलेला ड्रायर घेऊ नका.

पुण्यात नाना पेठेत सामान मिळतं, मुंबईवाले कुर्ल्याला सीएसटी रोडला जातात पण तिथे जुनं सामान जास्त. जुना कंडेन्सर, जुनी कॉइल घेऊ नका, किती दिवस उघडी पडलीय कोणाला माहीत. जुना ब्लोअर, पंखा, रिले खुशाल घ्या. बरोबर आरसीचा फोटो न्या, चासी नंबर आणि महिना-वर्ष लागतं, कारण एकाच मॉडेलमध्ये मधेच पाईपाचं तोंड बदललेलं असतं. शक्य असेल तर जुना पार्ट काढून तोच काउंटरवर ठेवा. मी आधी फोनवर कंडेन्सर मागवला, त्याचं ब्रॅकेट एक इंच बाजूला निघालं, परत करायला गेलो तर म्हणे इलेक्ट्रिकल आणि एसीचं सामान परत घेत नाही. बिल पक्कं घ्या आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

५. हत्यारं

१०, १२, १४ चे सॉकेट, १७, १९, २२, २४ चे पाने (प्रत्येक जॉइंटला दोन पाने लागतात, हे पुढे सांगतो), फुलीचा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, फीलर गेज, टॉर्च, जॉइंटची तोंडं झाकायला स्वच्छ प्लॅस्टिक आणि रबरबँड, चष्मा आणि हातमोजे. चष्मा म्हणजे डोळे पूर्ण झाकणारा. एसीतला आर-१३४ए गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो, थेंब डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येईल. मोबाईल चार्ज करून ठेवा, प्रत्येक पायरीला फोटो काढायचा. हत्यारं कमी असतील तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, मला २४ चा जाड पाना तिथेच साठ रुपयाला मिळाला.

मॅनिफोल्ड गेज (गॅसचा दाब दाखवणारं, निळं आणि लाल अशी दोन मीटरं असलेलं) आणि व्हॅक्यूम पंप एका गाडीसाठी विकत घेऊ नका, ते काम एसीवाल्याचं.

६. गॅस बाहेर काढणं

घरी पाईप सैल करून फुस्स करणं सगळे करतात, तुम्ही करू नका. आर-१३४ए एक किलो सोडला तर तापमानवाढीच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट भारी पडतो, आणि जोरात सोडला की ऑइलही बाहेर फेकलं जातं, मग किती गेलं ते कळत नाही. रिकव्हरी मशीनवाला शोधा, आजकाल शहरात सापडतात. किती ऑइल निघालं ते विचारून लिहून ठेवा. जवळ बिडी-सिगारेट, वेल्डिंगची ज्योत काही नको, हा गॅस ज्योतीतून गेला की विषारी वाफा होतात.

गाडी २००० च्या आधीची असेल तर बॉनेटखालचा स्टिकर नीट वाचा. तिच्यात आर-१२ हा जुना गॅस असू शकतो. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला, भारतात ऑगस्ट २००८ पासून त्याचं उत्पादन थांबलं, फक्त दम्याच्या पंपासाठी तेवढी सवलत होती. त्या गाडीत आर-१३४ए नुसता भरून चालत नाही. जुनं मिनरल ऑइल त्या गॅसबरोबर नीट फिरत नाही, कंप्रेसर कोरडा पडतो. ऑइल बदलायचं, सगळ्या ओ-रिंग बदलायच्या, ड्रायर बदलायचा, तोंडावर वेगळी फिटिंग लावायची, मग पुढे. जुन्या झेन, एस्टीम, प्रीमियर ११८ एनईवाल्यांनी हे आधीच विचारून घ्या.

७. कंडेन्सर आणि ड्रायर

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ग्रिल आणि बंपर उतरवा, बंपरच्या क्लिपा जुन्या गाडीत तुटतातच, दहा-बाराचं पाकीट आधीच आणून ठेवा.

आता जॉइंट. नळी ॲल्युमिनियमची असते. एका पान्याने नट फिरवला तर नळीसकट पिळ बसतो आणि नवा पाईप घ्यावा लागतो. एका पान्याने मागचा नट घट्ट धरायचा, दुसऱ्याने पुढचा सोडायचा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीत हे नट-बोल्ट पांढरे पडून एकजीव झालेले असतात, तिथे जोर लावायच्या आधी रात्री गंज सोडायचा स्प्रे मारून ठेवा. आमचा ड्रायरच्या ब्रॅकेटचा ६ एमएमचा बोल्ट तरीही तुटला, मित्राने जोर लावला आणि मी बघत होतो, दोघांचीही चूक. ड्रिल मारून काढायला एक दुपार गेली.

तोंड उघडलं की लगेच प्लॅस्टिक आणि रबरबँड. पावसाळ्यात हे काम काढूच नका. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात काढलं आणि आभाळ भरून आल्यावर जी धावपळ झाली ती सोसायटीच्या वॉचमनला अजून आठवते.

नवा कंडेन्सर बसवताना जुन्या ओ-रिंग कधीच परत वापरू नका. नव्या हिरव्या रंगाच्या येतात, आर-१३४ए ला चालणाऱ्या. बोटाने कंप्रेसर ऑइल लावून बसवा. ग्रीस नाही, सिलिकॉन नाही, टेफ्लॉन टेप तर मुळीच नाही. कंडेन्सरच्या पापुद्र्या दुमडल्या तर जुन्या टूथब्रशच्या दांड्याने हळूच सरळ करा. ड्रायर शेवटी.

आणि जुना कंप्रेसर आतून फुटून चुरा फिरला असेल तर कंडेन्सर धुवून वापरायच्या भानगडीत पडू नका. आताच्या पट्टीच्या कंडेन्सरच्या आत केसासारखे बारीक मार्ग असतात, तिथला चुरा निघत नाही, तोच परत नव्या कंप्रेसरमध्ये जातो.

८. कूलिंग कॉइल, सगळ्यात किचकट काम

बऱ्याच गाड्यांत यासाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तसं असेल तर मी तरी हे काम गॅरेजला देईन. ऑल्टो, ८०० यांच्यात सुटका आहे. डाव्या बाजूला ब्लोअरचा डबा, मधे कॉइलचा डबा, उजवीकडे हीटरचा डबा, असे तीन वेगळे डबे एका ओळीत. ग्लोव्ह बॉक्स काढला की मधला डबा समोर येतो.

इंजिनच्या बाजूने दोन नळ्यांचे नट सोडा, पाणी जायची नळी ओढा, आतून डब्याचे नट सोडा, सेन्सरचा कनेक्टर काढा, आणि डबा खाली ओढून बाहेर. ऐकायला पाच मिनिटांचं वाटतं. आम्हाला अडीच तास लागले, त्यातला एक तास मी सीटवर उलटा झोपून, पाय मागच्या काचेकडे आणि डोकं गिअरजवळ.

डबा दोन फाकांचा असतो, पत्र्याच्या क्लिपांनी जोडलेला. उघडला तेव्हा आत कॉइल दिसलीच नाही. गोधडीसारखा राखाडी थर, त्यात कडुनिंबाच्या काड्या, एक अख्खं पिंपळाचं पान जाळी होऊन चिकटलेलं, आणि कोपऱ्यात हिरवट चिकट तेलाचा डाग, बोट लावलं तर अजून ओला. माझ्या गाडीत केबिन फिल्टरच नव्हता, सोळा वर्षांची सगळी धूळ तिथे बसली होती. गार हवा कमी यायचं अर्धं कारण तर हेच होतं, गॅसशी त्याचा संबंधच नाही.

काढण्याआधी सेन्सर कॉइलच्या कुठल्या पापुद्र्यात, वरून किती बोटं, किती खोल खोचलाय याचा फोटो काढा. नव्या कॉइलमध्ये अगदी तिथेच खोचायचा. चुकीच्या जागी लावला तर एक तर बर्फ जमेल किंवा कंप्रेसर लवकर सुटेल.

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह काही गाड्यांत चौकोनी ठोकळा असतो, काहींत शेपटीसारखी बारीक नळी आणि टोकाला बल्ब असतो. बल्बवाला असेल तर तो बल्ब बाहेर जाणाऱ्या नळीला घट्ट बांधून वरून काळा डांबरी टेप गुंडाळलेला असतो. तसाच गुंडाळायचा, आळस करायचा नाही. बल्ब सैल राहिला तर त्याला गरम हवा लागते, व्हॉल्व्हला वाटतं कॉइल गरम आहे, आणि तो नको तेवढा गॅस सोडत बसतो.

डबा परत लावण्याआधी पाणी जायच्या नळीत फुंकून बघा. ती बुजलेली असली की डाव्या सीटखालची मॅट ओली होते आणि मग गाडीत तो कुबट वास.

९. ऑइल

इथे गॅरेजवाले पण अंदाजपंचे करतात. कंडेन्सर बदलला तर साधारण ३० मिली, कॉइलला ३० ते ५०, ड्रायरला १० ते २० मिली ऑइल परत घालायचं. कंप्रेसरच बदलत असाल तर जुन्यातलं ऑइल मापात काढा, नव्यातलंही काढा, आणि जुन्यातून जेवढं निघालं तेवढंच नवीन ऑइल नव्यात भरा, कारण नवा कंप्रेसर बहुतेक वेळा पूर्ण सिस्टीमचं ऑइल घेऊनच येतो आणि तसाच लावला तर डबल होतं. जास्त ऑइल झालं तरी गारवा कमी होतो. आर-१३४ए ला पॅग ऑइल, कुठल्या नंबरचं ते कंप्रेसरच्या लेबलवर असतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे अर्धी उघडी बाटली घेऊ नका. नवा कंप्रेसर लावला तर इंजिन सुरू करायच्या आधी पुढची चकती हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा, आत साचलेलं ऑइल सरकू द्या.

१०. व्हॅक्यूम

आता गाडी एसीवाल्याकडे. सगळ्यात जास्त फसवाफसवी इथे होते, कारण व्हॅक्यूममध्ये दिसत काही नाही आणि वेळ जातो. दहा मिनिटं पंप लावून "झालं साहेब" म्हणतात. व्हॅक्यूम नुसती हवा काढायला नसतो, आतलं पाणी उकळून बाहेर काढायला असतो. ३० अंशाला पाणी उकळायला सुमारे ९६ टक्के हवा काढावी लागते, त्यामुळे पंप निदान ४५ मिनिटं चालू पाहिजे. मी स्टूल घेऊन तिथेच बसलो, चहा मागवला.

पुण्यात गेजचा काटा ३० (पाऱ्याचे इंच) पर्यंत जात नाही म्हणून घाबरू नका, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथली हवाच पातळ, काटा २८ च्या आसपास थांबतो. मुंबईत मात्र तो २९ च्या वर गेला पाहिजे. मग पंप बंद करून, कॉक बंद करून अर्धा तास काटा बघा. शून्याकडे परत सरकला तर लीक राहिलाय, गॅस भरू देऊ नका.

११. गॅस भरणं

वजनावर भरा. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण ४०० ते ६०० ग्रॅममध्ये असतं. काटा ठेवणारा एसीवाला निवडा. "प्रेशर बघून भरतो" म्हणणारा अनुभवी असेल तर जमवतो, नसेल तर जास्त भरतो, आणि जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा असं अजिबात नाही, उलट कमी होतो आणि कंप्रेसर मरतो.

इंजिन बंद असताना प्रेशर बघून गॅस किती आहे ते कळत नाही. ३० अंशाला आत थोडासा जरी द्रव गॅस असला तरी गेज ९७ पीएसआयच्या आसपास दाखवणार, दोनशे ग्रॅम असो नाहीतर पाचशे.

इंजिन चालू असताना निळा म्हणजे लो साइड साधारण २५ ते ४०, लाल म्हणजे हाय साइड २०० ते २५० पीएसआय, आपल्या उन्हाळ्याच्या हिशोबाने. दोन्ही कमी तर गॅस कमी. दोन्ही जास्त तर गॅस जास्त किंवा पंखा बंद. लो जास्त आणि हाय कमी तर कंप्रेसर दमलाय. लो शून्याच्याही खाली गेला तर व्हॉल्व्ह बुजलाय.

घरी स्वतः गॅसचा कॅन लावणाऱ्यांसाठी एकच धमकी: इंजिन चालू असताना लाल कॉक कधीही उघडायचा नाही. अडीचशे पीएसआय उलटे कॅनमध्ये शिरतात आणि कॅन हातात फुटतो. आणि कॅन उभाच ठेवायचा, उलटा केला की द्रव कंप्रेसरमध्ये जाऊन व्हॉल्व्ह तोडतो.

स्वस्त गॅसपासून लांब राहा. काही ठिकाणी स्वयंपाकाच्या गॅससारखाच जळणारा गॅस भरतात, गार मस्त करतो, पण तो डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलमधून गळला तर तुम्ही पेटत्या वस्तूच्या शेजारी बसलाय. दुसरा प्रकार आणखी वाईट, बनावट आर-१३४ए मध्ये आर-४० मिसळलेला असतो, तो ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करून असा पदार्थ बनवतो जो हवा लागताच पेटतो. २०११ साली जहाजाच्या थंड कंटेनरमध्ये असाच गॅस भरला गेला होता, स्फोट होऊन दुरुस्ती करणारे कामगार मेले. सीलबंद कॅन तुमच्यासमोर फोडायला सांगा.

१२. घरी न्यायच्या आधी

दारं उघडी, ब्लोअर फुल्ल, इंजिन १५०० आरपीएमवर, मधल्या जाळीत थर्मामीटर खोचा. माझ्याकडे बाहेर ३८ होते तेव्हा जाळीत ९ आले. १४-१५ च्या खाली येत नसेल तर तिथेच बोला, घरी गेल्यावर कोणी ऐकत नाही. गारवा कमी वाटला तर हीटरचा कॉकही बघा. तो पूर्ण बंद होत नसेल तर गरम पाणी आत फिरतं आणि तुम्ही एकाच वेळी एसी आणि हीटर लावून बसता. आमच्याकडे केबल सटकली होती, दोन मिनिटांचं काम.

दहा मिनिटांत गाडीखाली डाव्या बाजूला पाणी टपकायला लागलं पाहिजे. आई ते बघून म्हणाली, अरे रेडिएटर गळतोय की काय. म्हटलं, नाही, आता कुठे नीट चाललाय.

पंधरा दिवसांनी परत टॉर्च घेऊन सगळे जॉइंट बघा, तेलकट डाग नाही ना. नंतर दर महिन्याला, थंडीतसुद्धा, दहा मिनिटं एसी चालवा म्हणजे ऑइल फिरून सील ओलं राहतं. आणि ब्लोअरच्या तोंडाशी बॉनेटखाली पाला साचतो तो काढत जा, मी तिथे मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावलाय, दर महिन्याला झटकतो, मागच्या रविवारी त्यात दोन पिंपळाची पानं होती.